डॉक्टर होता होता राहिलेल्या रमाबाई
स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि जीव गमावतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी वैद्यक शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या, ख्रिस्ती झाल्या. पण कमी ऐकू येत असल्याने वैद्यक हुकले. विजेवर चालणारे श्रवणयंत्र तेव्हा नव्हते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढे दुष्काळात खंगलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणून जगवले. १९२२ मध्ये त्या वारल्या. आज श्रवणयंत्र लावून डॉक्टरकीही करता येते. म्हणून ऐकू कमी येऊ लागले तर लपवू नये. कान तपासून घ्यावेत.