सुभेदार तानाजी : पडद्यावरचे आणि बखरीतले

म्हसळ्याहून माणगाव, महाड करीत पोलादपूर गाठावे आणि आत वळावे, की उमरठ येते. तानाजी मालुसऱ्यांचे हे गाव. त्यांची समाधीही इथेच आहे. आम्हा रायगडकरांना सुभेदार घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे. म्हणूनच २०२० साली ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ चित्रपट आला, तेव्हा घरोघरी वाद झडले. नातवंडे टाळ्या पिटत होती आणि आजोबा विचारत होते, यात खरे किती?

प्रश्न रास्त आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजी तो परत घ्यायला निघाले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या बखरीत हा प्रसंग मोजक्या ओळींत सांगितला आहे. बरोबर पाचशे मावळे. आधी दोघे निवडक गडी वानरासारखे कडा चढून गेले, मग बाकीचे. गडावर उदेभानाशी गाठ पडली. तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही पडले. धाकटे बंधू सूर्याजींनी लोक सावरले आणि गड घेतला. पागेची खोपटी पेटवली, तो उजेड राजगडावर दिसला.

या हकिकतीत घोरपड नाही. घोरपड आणि रायबाच्या लग्नाची कथा पोवाड्याने घराघरांत पोहोचवली. सिंह गेला म्हणून गडाचे नाव बदलले, हेही टिकत नाही. १६६३च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आढळते. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला, तेव्हापासून पडदाही यात भर घालतो आहे. नव्या चित्रपटाने तर राजगडावर मारा करणारी अजस्र ‘नागिन’ तोफ आणली. इतके अंतर त्या काळच्या कोणत्याही तोफेला पेलणारे नव्हते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. स्टालिनग्राडच्या लढाईतला रशियन नेमबाज वासिली झायत्सेव खरा. त्याच्या नावावर २२५ बळी नोंदले गेले. पण २००१च्या ‘एनिमी अॅट द गेट्स’मध्ये त्याच्यासमोर उभा केलेला जर्मन मेजर कोनिग याचा जर्मन दप्तरात पत्ता लागत नाही.

दंतकथेला माझा विरोध नाही. मी स्वतः कादंबरीकार आहे. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक सवय जडली : खात्यावर एक रक्कम चढली, की दुसरीकडे कुठे उतरली ते पाहायचे. घोरपड आणि तोफ चढली, तशी या कथेतून उतरली ती माणसे. नखांनी खडक धरून अंधारात प्रथम वर गेलेले ते दोघे गडी, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. भावाचे प्रेत समोर असताना न डगमगलेले सूर्याजी. जनावराने कडा चढवला म्हटले, की त्या दोघांच्या छातीची किंमत कमी होते.

तेव्हा मुलांना चित्रपट जरूर दाखवा. घरी आल्यावर मात्र तुटलेल्या ढालीची आणि त्या दोन निनावी गड्यांची गोष्ट आपल्या तोंडाने सांगा. जमल्यास एखाद्या रविवारी उमरठला घेऊन जा.