न्हाणीघरातील स्वदेशी : अर्देशीर गोदरेज

कुलपे आणि तिजोऱ्यांमुळे नावारूपाला आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी चरबीविरहित साबण तयार करून तो भारतीय घरांत पोहोचवला. माल स्वदेशी आहे, एवढ्यावर ग्राहकाने तो घ्यावा, हे मात्र त्यांना कधीच मान्य झाले नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकमध्ये शेतीचे प्रयोग करणाऱ्या या उद्योजकाची ही जीवनकथा.

सन 1928. वयाची साठी गाठलेल्या अर्देशीर बर्जोरजी गोदरेज यांनी मुंबईतील भरभराटीला आलेला व्यवसाय धाकटे बंधू पिरोजशा यांच्या स्वाधीन केला आणि शेती करण्यासाठी नाशिकची वाट धरली. तीर्थयात्रेसाठी किंवा हवापालटासाठी नाशिकला येणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. देवळालीची कोरडी, आल्हाददायक हवा मुंबईच्या पारशी कुटुंबांना चांगलीच परिचयाची होती. अर्देशीर मात्र विश्रांतीसाठी आले नव्हते. कुलूप, तिजोरी, साबण यानंतर आता माती हा त्यांच्या प्रयोगाचा विषय होता. आयुष्यभर ज्यांनी एकेक वस्तू हाती घेऊन ती आधी स्वतः पारखली, त्यांचा हा अखेरचा मोठा प्रयोग होता.

वकिलीचा त्याग

अर्देशीर यांचा जन्म 1868 मध्ये मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बर्जोरजी आणि आजोबा सोराबजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. 'गोदरेज' हे आडनाव वडिलांनी 1871 मध्ये धारण केले. मुलाने प्रतिष्ठेचा पेशा पत्करावा ही त्या काळातील घरांची रीत होती. त्यानुसार अर्देशीर कायदा शिकले.

1890 मध्ये त्यांचा विवाह बचूबाई यांच्याशी झाला. हे सहजीवन जेमतेम वर्षभराचे ठरले. एप्रिल 1891 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून बचूबाई आणि त्यांच्यासोबत असलेल्या पिरोजबाई या तरुणीचा मृत्यू झाला. या घटनेने मुंबई हादरली. प्रकरण न्यायालयात गेले, आरोपी निर्दोष सुटला आणि त्या दुपारी टॉवरवर नेमके काय घडले याचे गूढ कायम राहिले. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्य नव्हते. पुढे ज्यांच्या साबणाने असंख्य घरांतील मुलांना न्हाऊ घातले गेले, त्या गृहस्थाचा स्वतःचा संसार असा आरंभीच संपला.

1894 मध्ये मुंबईतील एका सॉलिसिटर संस्थेच्या वतीने एक खटला चालवण्यासाठी ते झांझिबारला गेले. अशिलाच्या बाजूने युक्तिवाद करताना सत्याला मुरड घालणे आपल्याला जमणार नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. वकिलाला हे ओझे पेलावेच लागते, अशी समजूत त्यांना घालता आली असती. त्यांनी ती घातली नाही. 1895 मध्ये ते मायदेशी परतले आणि वकिलीला त्यांनी कायमचा रामराम ठोकला.

शिक्क्याचा वाद

मुंबईत परतल्यावर त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे मदतनिसाची नोकरी धरली. तेथे त्यांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या उपकरणांकडे वेधले गेले. चाकू, चिमटे, कात्र्या असे सगळे साहित्य परदेशातून येत असे. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपयांचे कर्ज घेऊन अर्देशीर यांनी ही उपकरणे स्वतः बनवण्यास प्रारंभ केला. माल उत्तम उतरला. विक्री करू पाहणाऱ्या ब्रिटिश व्यावसायिकाचीही गुणवत्तेविषयी तक्रार नव्हती. अडचण होती ती शिक्क्याची. उपकरणे भारतात तयार झाली असे त्यांवर नमूद करावे, हा अर्देशीर यांचा आग्रह, तर असा शिक्का असलेला माल कोणी विकत घेणार नाही, हे समोरच्याचे म्हणणे. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही आणि धंदा बसला.

वरवर पाहता हा हट्टीपणा वाटेल. कर्जाच्या पैशावर उभ्या असलेल्या तरुणाने तडजोड केली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु झांझिबारच्या न्यायालयात जी गोष्ट त्यांना जमली नाही, तीच येथेही जमली नाही. वस्तू जशी आहे आणि जेथली आहे तशीच ती सांगितली गेली पाहिजे, हा त्यांचा व्यापारी नियम या अपयशातून पक्का झाला.

त्यानंतर मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांविषयीचे वृत्त त्यांच्या वाचनात आले आणि कुलपांची कल्पना सुचली. कामा यांनी पुन्हा विश्वास टाकला. 1897 च्या मे महिन्यात लालबागला गॅस कंपनीजवळ अवघ्या 215 चौरस फुटांच्या शेडमध्ये, गुजरात आणि मलबारमधून आलेल्या डझनभर कारागिरांच्या साथीने काम सुरू झाले. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही, अशी हमी दिली जाऊ लागली. कामा यांच्या विनंतीवरून त्यांचे भाचे बॉइस यांना भागीदार करून घेतले गेले. ते फार काळ टिकले नाहीत. नाव मात्र 'गोदरेज अँड बॉइस' असे कायम राहिले. 1902 मध्ये पहिली तिजोरी तयार झाली आणि 1909 मध्ये स्प्रिंगविरहित कुलपाचे पेटंट मिळाले. दरम्यान धाकटे बंधू पिरोजशा मदतीला आले. थोरल्याने नवे शोधावे आणि धाकट्याने ते वाढवावे, अशी कामाची विभागणी आपोआप होत गेली.

साबणातील चरबी

कुलूप दाराबाहेर लटकते; साबण थेट अंगाला लागतो. म्हणूनच अर्देशीर यांचे पुढचे पाऊल अधिक अवघड होते. भारतीय घरांत स्नानासाठी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि उटणे, केसांसाठी शिकेकाई आणि रिठा, कपड्यांसाठी रिठा किंवा खारी माती अशी साधने पिढ्यानपिढ्या वापरात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण बाजारात दिसू लागला. 1888 मध्ये 'सनलाइट' साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. शहरी सुशिक्षित कुटुंबांत या वड्यांचे कुतूहल होते आणि तितकीच शंकाही होती. शंका होती ती चरबीची.

साबणाची क्रिया तशी साधी असते. तेल किंवा चरबी यांच्यावर कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीची प्रक्रिया केली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. युरोपातील कारखान्यांत यासाठी गुरांची चरबी सर्रास वापरली जाई. ती स्वस्त असे आणि तिच्यामुळे वडी कठीण, टिकाऊ होत असे. भारतात हीच गोष्ट मोठा अडथळा होती. काडतुसांना लावलेल्या चरबीच्या वार्तेने 1857 मध्ये काय उत्पात घडवला होता, याची स्मृती पुसली गेली नव्हती. गाय आणि डुक्कर या दोहोंच्या संशयामुळे हिंदू आणि मुस्लिम घरे सावध असत. शाकाहारी जैन आणि वैष्णव कुटुंबांत तर ही वडी उंबऱ्याच्या आत येणे कठीण होते. देवपूजेपूर्वीच्या स्नानात चरबीला स्थान कसे मिळणार? तान्ह्या बाळाला त्या वडीने न्हाऊ घालण्याचा प्रश्नच नव्हता.

केवळ वनस्पती तेलाचा साबण जगाला अगदीच अपरिचित होता असे नाही. भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्ह तेलाचे साबण शतकानुशतके बनत आले होते. मात्र भारतात मिळणाऱ्या तेलांपासून, भारतीय कुटुंबांना परवडेल अशा दरात, घट्ट आणि चांगला फेस देणारी वडी तयार करणे हे निराळे काम होते. खोबरेल तेलाने फेस भरपूर येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की त्वचा कोरडी पडते. काही तेलांची वडी मऊ राहते आणि पाण्यात लवकर विरघळते. हा मेळ साधणे म्हणजे प्रमाणांचा पुनःपुन्हा शोध घेणे होय. चरबीवाचून चांगला साबण होणे नाही, असे त्या काळचे अनेक जाणकार मानत. अर्देशीर यांनी हे गृहीतच नाकारले. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी मालाची आवक विस्कळीत झाली असताना त्यांचे या दिशेने प्रयत्न सुरू होते आणि 1918 मध्ये वनस्पती तेलापासून तयार केलेला 'चावी' हा साबण बाजारात आला. कुलपाच्या कारखान्याची ओळख साबणाच्या नावातही उतरली.

आधी दोन, मग एक

अंगाच्या साबणाच्या बाबतीत अर्देशीर यांनी चतुराई दाखवली. त्यांनी आधी 'नंबर 2' हा साबण आणला. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला असेल, तर पहिल्या क्रमांकाचा किती चांगला असेल, असा विचार ग्राहकाने करावा, हा त्यामागील हेतू. 1922 मध्ये 'नंबर 1' आला. हा साबण आजही दुकानांत मिळतो. रवींद्रनाथ टागोरांसारख्या विश्वविख्यात कवीने गोदरेजच्या साबणाची जाहीर शिफारस केली. परदेशी वडीशिवाय अंग स्वच्छ होत नाही, अशी समजूत असलेल्या वर्गावर त्याचा परिणाम होणे स्वाभाविक होते.

स्वदेशीविषयी अर्देशीर यांचे विचार मात्र त्या काळातील लाटेपेक्षा भिन्न होते. बंगालच्या फाळणीनंतर 1905 मध्ये स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ देशभर पसरली. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. 1908 मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. देशी वस्तू वापरणे हे व्रत ठरले. व्रत म्हटले की गैरसोय सोसण्याची तयारी आलीच. अर्देशीर यांना आक्षेप होता तो नेमका येथे. चांगली परदेशी वस्तू टाकून निकृष्ट देशी वस्तू घेण्याचा उपदेश हा ग्राहकावर अन्याय आहे आणि त्याने देशी उद्योगाचेही नुकसानच होते, असे ते जाहीरपणे मांडत असत. ग्राहकाचा त्याग गृहीत धरणारा कारखानदार स्वतः सुधारण्याचे कष्ट घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

या मताचा अर्थ त्यांना राष्ट्रीय चळवळीची आस्था नव्हती असा मुळीच नाही. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारण्याचा संकल्प झाला, तेव्हा 1921 मध्ये अर्देशीर यांनी एकट्याने तीन लाख रुपये दिले. त्या काळातील ही रक्कम प्रचंड होती. साबणाचा धंदा सुरू करू इच्छिणाऱ्या एका उत्पादकाने आशीर्वाद मागितला असता, गोदरेज यांना बाधा येणार असेल तर तो देता येणार नाही, असे महात्मा गांधींनी कळवल्याचे सांगितले जाते. चळवळीला पैसा द्यायचा, पण चळवळीच्या नावावर माल खपवायचा नाही, ही रेषा अर्देशीर यांनी कटाक्षाने पाळली.

मान्यवरांची शिफारस आणि देशभक्तीची भावना पहिली वडी विकत घ्यायला लावू शकते. दुसरी वडी घरातील अनुभव ठरवतो. बाळाच्या अंगावर पुरळ उठले का, वडी आठवडाभरात विरघळली का, थंड पाण्यात फेस आला का, याची परीक्षा रोज न्हाणीघरात होत असते आणि आई-वडिलांइतका कठोर परीक्षक दुसरा नसतो. अर्देशीर यांनी या परीक्षेतून सूट मागितली नाही. त्यांचे वेगळेपण यातच आहे.

नाशिकची माती

नाशिकला आल्यानंतरचा काळ व्यवहाराच्या दृष्टीने यशाचा नव्हता. शेती किफायतशीर ठरली नाही. यंत्राचा सुटा भाग बदलून पुन्हा चाचणी घेता येते. पिकासाठी मात्र पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. ओझर परिसरात द्राक्षलागवडीचे आरंभीचे प्रयत्न त्याच दशकात होत होते. द्राक्षांसाठी नाशिकची ख्याती देशभर होण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. 1930 मध्ये काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहाने हे शहर ढवळून निघाले, तोही याच वर्षांतला काळ. अर्देशीर यांची शेती या इतिहासात ठळकपणे नोंदली गेली नाही. मात्र यशाच्या शिखरावरून स्वखुशीने उतरून, साठीनंतर अनोळखी कामात पुन्हा उमेदवारी पत्करणारी माणसे उद्योगजगतात विरळाच आढळतात. जानेवारी 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

व्यवसायाची धुरा पिरोजशा यांनी समर्थपणे सांभाळली. 1940 च्या दशकात त्यांनी विक्रोळीला जमीन घेतली आणि तेथे कारखान्यांसोबत कामगारांची वसाहत वाढली. 1944 मधील मुंबई गोदीच्या भीषण स्फोटानंतर ढिगाऱ्यातून निघालेल्या गोदरेज तिजोऱ्यांतील ऐवज शाबूत असल्याचे आढळले. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच कारखान्याने पुरवल्या. पिरोजशा यांचे पुत्र सोहराब, बर्जोर आणि नवल यांच्या पिढीने हा वारसा पुढे नेला. जर्मनीत शिकून आलेल्या बर्जोर यांनी 1952 मध्ये 'सिंथॉल' साबण आणला. 2024 मध्ये गोदरेज कुटुंबाने समूहाची दोन भागांत वाटणी केली, तेव्हा या घराण्याच्या उद्योगाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

चरबीविरहित साबण ही आज विशेष गोष्ट राहिलेली नाही. वेष्टनावरील घटकांची यादी बारकाईने वाचणारे आणि मुलांसाठी प्रत्येक वस्तू पारखून घेणारे पालक आता शहरांत सर्वत्र आढळतात. वस्तूत काय आहे आणि ती कोठे तयार झाली, हे ग्राहकाला खरेखुरे सांगितले पाहिजे, हा या पालकांचा आग्रह आहे. एका कर्जबाजारी तरुणाने सव्वाशे वर्षांपूर्वी याच आग्रहापायी आपला पहिला धंदा गमावला होता.