मुरलेल्या वैरणीचा शास्त्रज्ञ : आर्तुरी विर्तानेन

मोहगाव हे माझे आजोळ. सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख संत्र्यांचा. मध्य प्रदेशात असला तरी घरोघर मराठी बोलणारा. वडील तरुणपणी दरबारात गात असत, त्यामुळे माझे बालपण तंबोऱ्यापाशी गेले. उन्हाळ्याची सुटी मात्र मामाच्या गोठ्यात जाई. एका टंचाईच्या सालात तेथली गाय व्याली. कित्येक महिने तिला वाळक्या कडब्यावाचून काही मिळाले नव्हते. वासरू उठले, पण आचळाकडे न जाता गव्हाणीवर आदळले. ते जन्मांध होते. ग्रहणात गाभण गाय बाहेर बांधली म्हणून मामीने पुष्कळ दिवस बोलणी खाल्ली.

पुढे वाचनात आले की, हिरव्या चाऱ्यातील कॅरोटिनपासून गाईच्या शरीरात अ जीवनसत्त्व बनते; उन्हात वैरण वाळताना ते बरेचसे नष्ट होते; आणि गाभणपणी त्याची फार उणीव पडली तर वासरू आंधळे जन्मू शकते. हे वाचताना ज्या पुरुषाची ओळख झाली, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. वडील रेल्वेत होते. शाळा विपुरी या गावी झाली. हे गाव पुढे दुसऱ्या महायुद्धात रशियाकडे गेले. हेलसिंकी विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते झुरिक व स्टॉकहोम येथे शिकले, आणि १९२१ साली व्हालिओ या सहकारी दूधसंघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. वय अवघे सव्वीस. विद्वत्तेच्या जोरावर परदेशी राहणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांनी आपल्या देशाच्या लोण्याचा प्रश्न हाती घेतला.

तेथला हिवाळा दीर्घ. गुरे महिनोन् महिने गोठ्यात, पुढ्यात वाळके गवत. साहजिकच हिवाळ्यातले लोणी फिकट आणि जीवनसत्त्वाने दुबळे. ओले गवत खड्ड्यात दाबून मुरवण्याची रीत जुनी होती, परंतु द्विदल चाऱ्यात प्रथिने जास्त व साखर कमी. तो मुरण्याऐवजी पुष्कळदा नासे. विर्तानेन यांनी ताडले की, सारे मर्म आंबटपणाच्या नेमक्या प्रमाणात आहे. सामू चारच्या खाली नेला की चाऱ्याचा श्वासोच्छ्वास व घातक जिवाणूंची वाढ थांबते. आणि तीनच्या खाली जाऊ दिला नाही, तर गुरास अपाय होत नाही. तंबोरा लावणाऱ्यास ही नेमकेपणाची किंमत सहज कळेल. हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक आम्ल पाण्यात पातळ करून ते ताज्या चाऱ्यावर शिंपडायचे, अशी ही कृती. तिने प्रथिने टिकली, कॅरोटिन टिकले, क जीवनसत्त्वही टिकले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एआयव्ही’ पद्धत म्हणून ओळखली गेली.

अडचणी होत्याच. आम्लाने हात भाजत, कपडे जळत. पुढे त्या आम्लांची जागा मुख्यतः फॉर्मिक आम्लाने घेतली. विर्तानेन यांनी स्वतःची शेती घेऊन तेथेही आपली पद्धत वापरून पाहिली. १९३१ साली ते जीवरसायन संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले, ते कृषी व आहार रसायनातील संशोधनासाठी, विशेषतः वैरण टिकवण्याच्या या पद्धतीसाठी. उतारवयातही, प्रथिनांऐवजी युरिया देऊन गाई दूध देतात काय, हे ते तपासत होते. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील मुरघासास बहुधा आम्ल लागत नाही. मक्यात साखर पुरेशी असते. कुट्टी करून, दाबून, हवा कोंडली की लॅक्टिक आम्ल आपोआप तयार होते. दाबण्यात कसूर झाली तर मात्र बुरशी धरते. चांगल्या मुरघासात उन्हात वाळलेल्या कडब्यापेक्षा कॅरोटिन पुष्कळ अधिक उरते.

गेल्या पोळ्यास मोहगावी गेलो, तेव्हा मामेभावाने मुरघासाची पिशवी उघडून दाखवली. लोणच्यासारखा आंबूस वास आला. मामी ओसरीवर बसली होती. त्या वासराचे बहुधा वाळक्या कडब्यामुळे तसे झाले असावे, ग्रहणाचा आणि तिचा त्यात काही दोष नव्हता, हे मी तिला सांगितले. इतक्या वर्षांनी का होईना, ते कोणीतरी सांगावयास हवेच होते.