डॉ. सलीम अली आणि माळढोकाचा वाद

राधानगरी-भुदरगडकडचा एखादा शेतकरी भेटला, तर त्याला गव्याविषयी विचारून पाहा. रात्रीत उभे पीक तुडवून गेलेला कळप त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. हा प्राणी धोक्यात आहे असे तुम्ही सांगू लागलात, तर तो हसेल. आणि त्याचे सर्वस्वी चूक आहे असेही नाही. दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यासाठी राखले गेले, म्हणून गवा तिथे दिसतो. पण साऱ्या जगाचा हिशेब मांडला, तर त्याची गणना आजही धोक्यातील प्राण्यांतच होते. मग एखादा प्राणी खरोखर संपत चालला आहे की नाही, हे ठरवायचे कसे? आपल्या शेताच्या बांधावरून, की आणखी कशावरून? या प्रश्नाशी ज्यांचा उभा जन्म निगडित राहिला, त्या डॉ. सलीम अलींची ओळख आपल्या मुलांना असलीच पाहिजे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवले.

लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा नाद होता. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी खाणे आपल्याला चालते की नाही, अशी शंका त्या पोराच्या मनात आली आणि तो मामांकडे धावला. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी मुलाला सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठवले. साहेबांनी पक्षी ओळखला, आणि कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. हलाल-हरामची साधी शंका विचारायला निघालेले पोर त्या दिवशी आयुष्याच्या वाटेला लागले.

पालकहो, पुढचे जरा लक्ष देऊन वाचा. हा मुलगा १९१३ साली जेमतेम मॅट्रिक झाला. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो ब्रह्मदेशात भावाच्या खाणीच्या व्यवसायावर गेला. तिथे धंद्यापेक्षा पाखरांकडेच लक्ष अधिक. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला, पण पदवी नव्हती ती नव्हतीच. त्यापायी सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. रजा काढून ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आले, तो इकडे पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

बिनपगारी माणूस बायकोसह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिला आणि सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसला. आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या मुलाला असे बसू दिले असते? त्या निरीक्षणातून निघालेल्या निबंधाने त्यांचे नाव पक्षिशास्त्रात रुजले. तहमीना बेगमची साथ मात्र १९३९ मध्ये, एका शस्त्रक्रियेनंतर, कायमची सुटली. पुढची अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी एकट्याने काढली.

हैदराबाद, त्रावणकोर, कच्छ अशा संस्थानांतून पायपीट करून त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी केल्या. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९७४ पर्यंत पुरे झाले.

आता माळढोकाकडे वळू. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या माळावर राहतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा ही चर्चा निघाली, तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचा आग्रह धरला. मोर सर्वांच्या ओळखीचा, त्याला आधाराची गरज नाही. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही त्याला मान द्यावा, असा त्यांचा विचार होता. १९६३ मध्ये मान मोरालाच मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावातले एक अक्षर चुकले तर शिवी होते, हेही एक कारण झाले असे सांगतात. खरेखोटे देव जाणे! १९६९ च्या सुमारास धर्मकुमारसिंहजींनी देशात साधारण १,२६० माळढोक उरले असावेत असा अंदाज केला.

आपल्याकडे १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते आली, गावेही आली. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे येऊ लागले तसे लोक विचारू लागले, की आमच्या शिवारात पक्षी आहे तरी कुठे? तो शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता. पक्षीप्रेमींनी तो हसण्यावारी नेला, ही मोठी चूक झाली असे मला वाटते. एकाच माळावर दहा पक्षी दिसले की पुष्कळ आहेत म्हणायचे, आणि दिसले नाहीत की मग अभयारण्य कशाला, असेही म्हणायचे! सलीम अलींच्या सोसायटीने १९८० नंतर अलीगढचे असद रहमानी यांच्यासारखे तरुण अभ्यासक मध्य प्रदेशात करेरा आणि सोलापूरजवळ नान्नज येथे पाठवून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. पुढे अभयारण्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आले.

थोरांचेही चुकते. भरतपूरच्या पाणपक्ष्यांसाठी गुरांची चराई बंद व्हावी, या मताचे सलीम अली होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले, की गुरे गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांचे नुकसानच झाले. ज्या पद्धतीने त्यांनी शिष्यांना शिकवले, तिनेच गुरूचे मत खोडून काढले, आणि सोसायटीने ते झाकले नाही.

गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी बहुतांशी सोसायटीलाच दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नेमले गेले. १९८६ च्या जानेवारीत आंध्रच्या कडप्पा भागात, सुमारे ८५ वर्षे कोणालाही न दिसलेला जेर्डनचा धाविक पक्षी त्यांच्या सोसायटीच्या भरत भूषण यांना सापडला. तो पकडून आणून दिला एका गावकऱ्याने. हे ऐकायला सलीम अली हयात होते. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

माळढोकाची गणती चालूच राहिली. २०१८ च्या सुमारास देशात दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज निघाला. विजेच्या तारांना धडकून ते मरतात, म्हणून न्यायालयापर्यंत वाद गेला. २०१९ पासून राजस्थानात त्यांची अंडी आणून पिले वाढवली जात आहेत. नान्नजच्या माळावर मात्र अलीकडच्या गणतीत एखाददुसराच पक्षी दिसला.