टायरवरच्या नावाचा माणूस

केमिस्ट्री लॅबमध्ये कंडेन्सरला लावलेली ती लाल रबरी नळी. ओरलला तिच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला ती आवडायला लागली चार्ल्स गुडइयरचं चरित्र वाचल्यापासून. हो, टायरवर नाव असतं तोच! गंमत म्हणजे त्या टायर कंपनीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कंपनी निघाली १८९८ साली, हा गेला १८६० मध्ये.

जन्म १८०० चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान काढलं, ते बुडालं. १८३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात रबराच्या वस्तू पाहिल्या आणि या गृहस्थाला वेडच लागलं. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात काकवीसारखं चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. केमिस्ट्रीचं शिक्षण नाही, खिशात दमडी नाही. कर्जापायी तुरुंगात गेला, तर तिथेही बायकोकडून कच्चं रबर आणि लाटणं मागवून घेतलं!

स्वयंपाकघर हीच त्याची लॅब. चुना घालून रबराचा चिकटपणा गेला, म्हणून स्वारी खूश. पण त्यावर व्हिनेगरचा एक थेंब पडला की तिथे पुन्हा चिकट! मग नायट्रिक अ‍ॅसिड. पृष्ठभाग छान कोरडा, गुळगुळीत झाला. त्या जोरावर सरकारी टपालाच्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पिशव्या उबदार खोलीत ठेवल्या आणि काही दिवसांत त्या गळून पडल्या. अ‍ॅसिडचं काम वरच्या वरच झालं होतं, आत रबर होतं तसंच!

नथानिएल हेवर्डकडून त्याला गंधकाची कल्पना मिळाली. १८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेला तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही, चामड्यासारखा झाला. आज आपल्याला माहीत आहे की गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतो, आणि तेही आतपर्यंत. पण किती गंधक, किती उष्णता, किती तास, हे बसवायला त्याची आणखी काही वर्षं गेली. पेटंट मिळालं १५ जून १८४४ ला.

घरी छोटी लॅब थाटणाऱ्या मित्रांनी मला विचारलं तर मी टपालाच्या पिशव्यांची गोष्ट सांगतो. लाल नळी पाणी, सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, सौम्य अल्कली निमूट सोसते. पेट्रोल किंवा टोल्युईन दिसलं की फुगते, तीव्र नायट्रिक तर तिला खाऊनच टाकतं. पारदर्शक पीव्हीसी स्वस्त, पण अ‍ॅसिटोन त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य ओढून घेतं. सिलिकॉन उष्णतेला पक्कं, तीव्र सल्फ्युरिकला कच्चं. व्हायटॉनला पेट्रोल चालतं, अ‍ॅसिटोन नाही. टेफ्लॉन जवळपास सगळं सोसतं, पण वाकवायला गेलात की मुडपतं. सगळ्याला चालेल अशी नळी दुकानदार देईल, केमिस्ट्री देणार नाही. आधी तक्ता बघा, मग तुकडा कापून वजन करा, आणि जो द्रव न्यायचा त्यात चारपाच दिवस बुडवून ठेवा. पुन्हा वजन करा आणि तुकडा उभा चिरून आतून बघा. वरून तर पिशव्यासुद्धा झकास दिसत होत्या! (तीव्र अ‍ॅसिडं मात्र कॉलेजच्या फ्यूम हूडमध्येच, रूमवर नाही.)

गुडइयरला पैसा मिळालाच नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने आधीच पेटंट घेतलं. अमेरिकेत १८५२ चा गाजलेला खटला डॅनियल वेबस्टरने त्याच्यासाठी जिंकून दिला, पण खर्च उत्पन्नाच्या पुढे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजला आणि त्याच पॅरिसमध्ये कर्जापायी कोठडीतही गेला. चरित्रकार त्याच्या चिकाटीचे गोडवे गातात. मला मात्र क्लॅरिसा, त्याची बायको, आठवत राहते. काही मुलं लहानपणीच गेली, घरातली भांडीकुंडी विकली गेली, आणि चुलीवर रबर. १८५३ मध्ये तीही गेली. १ जुलै १८६० ला, आजारी मुलीला भेटायला जाताना, न्यूयॉर्कच्या हॉटेलात गुडइयरने प्राण सोडला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.