न परतलेल्या विमानांचा हिशेब

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेच्या लष्करापुढे एक पेच उभा राहिला होता. मोहिमेवरून परतणाऱ्या लढाऊ विमानांच्या अंगावर शत्रूच्या गोळ्यांची भोके दिसत. चिलखती पत्रा बसवून विमानाचे रक्षण करावे, तर तो सर्वत्र बसवणे अशक्य. कारण वजन वाढले की वेग आणि पल्ला दोन्ही घटतात. मग पत्रा बसवायचा कोठे? जेथे भोके अधिक तेथे, हे उत्तर कोणालाही सहज सुचावे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका संख्याशास्त्रज्ञाने मात्र हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. भोके मोजली गेली होती ती परतलेल्या विमानांवरची. म्हणजे त्या जागी गोळी लागूनही विमान तगले होते. जेथे भोके क्वचितच आढळत, तेथे गोळी लागलेली विमाने बहुधा परतलीच नव्हती. हे ओळखणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाचे नाव होते अब्राहम वाल्ड.

वाल्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील कोलोझ्वार येथे झाला. हे शहर आज रुमानियात असून क्लुज या नावाने ओळखले जाते. घराणे कर्मठ ज्यू धर्मीयांचे. शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस आणि शाळा तर शनिवारीही भरे; त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. पुढे व्हिएन्ना विद्यापीठात कार्ल मेंगर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३१ साली गणितात डॉक्टरेट मिळवली. बुद्धिमत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. परंतु त्या काळच्या व्हिएन्नात ज्यू तरुणाला विद्यापीठाची नोकरी मिळणे दुरापास्त होते. खासगी शिकवणी आणि अर्थशास्त्रीय संशोधन यांवर त्यांनी दिवस काढले. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि वाल्ड अमेरिकेला गेले. मागे राहिलेल्या कुटुंबीयांपैकी बहुतेकांचा अंत ऑशविट्झच्या छळछावणीत झाला. एक भाऊ तेवढा वाचला.

युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठात स्थापन झालेल्या संख्याशास्त्र संशोधन गटात वाल्ड दाखल झाले. कागदोपत्री ते शत्रुराष्ट्राचे नागरिक होते आणि काम गोपनीय. त्यांनी लिहिलेला कागद त्यांनीच वाचू नये म्हणून तो लगेच काढून घ्यावा लागतो, असा विनोद गटात प्रचलित होता. विमानांच्या प्रश्नावर त्यांनी १९४३ साली आठ टिपणे लिहिली. आज सर्वत्र दिसणारे लाल ठिपक्यांचे विमानचित्र त्यांत नाही. त्यांत आहेत समीकरणे आणि कोष्टके. त्यांनी एक काल्पनिक उदाहरण घेतले : मोहिमेवर गेलेली विमाने ४००, परतलेली ३८०. त्यांपैकी ३२० विमानांना एकही गोळी लागलेली नाही, ३२ विमानांना एक, २० विमानांना दोन आणि उरलेल्या आठांना त्याहून अधिक. न परतलेल्या २० विमानांबद्दल काहीच ठाऊक नाही. या तुटपुंज्या माहितीवरून प्रत्येक गोळीमागे विमान पडण्याची संभाव्यता किती, हे काढण्याची रीत त्यांनी घालून दिली. शत्रूची गोळी भाग निवडून लागत नाही. तेव्हा कोणत्या भागावर किती गोळ्या लागायला हव्या होत्या याचा अंदाज बांधता येतो. परतलेल्या विमानांवर त्याहून कमी खुणा दिसल्या, तर तो भाग नाजूक. त्यांच्या उदाहरणात सर्वाधिक नाजूक भाग ठरला इंजिन.

त्याच सुमारास दारूगोळ्याच्या चाचण्यांचाही प्रश्न पुढे आला. ठरलेल्या संख्येइतके नग तपासायचे, असा नियम होता; पण अनुभवी अधिकाऱ्याला थोड्याच चाचण्यांत माल चांगला की वाईट हे उमगे. डब्ल्यू. ॲलन वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन यांनी हा विषय वाल्ड यांच्यापुढे ठेवला. त्यातून प्रत्येक नगागणिक निर्णय घेणारी क्रमिक विश्लेषणाची पद्धत जन्माला आली. तिच्यामुळे तपासणीचे काम सरासरीने जवळपास निम्म्यावर येई. १९४७ साली याच विषयावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये टप्प्याटप्प्याने केलेल्या तागाच्या पाहणीला त्यांनी त्यात या पद्धतीच्या पूर्वसूरींचा मान दिला.

९ नोव्हेंबर १९४९ रोजी अमेरिकेच्या लष्कराने एक कार्यपद्धती कागदावर आणली. यंत्राचा एकेक भाग घ्यावा, तो कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतो ते लिहावे आणि त्या बिघाडाचा साऱ्या यंत्रणेवर काय परिणाम होईल ते ठरवावे. ‘फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस’ अर्थात एफएमईए म्हणून ती आज जगभर रूढ आहे. चाकणच्या वाहनउद्योगातील अभियंत्यांनाही ती परिचयाची आहे. वाल्ड तिचे जनक नव्हेत. पण त्यांच्या टिपणांशी तिचे नाते जवळचे आहे. या पद्धतीत बिघाडाचे गांभीर्य, तो घडण्याची शक्यता आणि तो वेळीच न सापडण्याचा धोका यांना एक ते दहा असे गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची प्रथा पडली. तीत एक खोट होती. १०, २ आणि २ यांचा गुणाकार ४०. ४, ५ आणि ५ यांचा १००. म्हणजे क्वचित घडणारा पण जीवघेणा बिघाड यादीत खाली जाई आणि वारंवार दिसणारी किरकोळ तक्रार वर चढे. अमेरिकी आणि जर्मन वाहनउद्योगांनी २०१९ साली संयुक्त मार्गदर्शिका काढून हा गुणाकार बाजूला ठेवला आणि गांभीर्याला अग्रक्रम दिला. जे वारंवार दिसते तेच सर्वाधिक घातक असते असे नाही, हे वाल्ड यांचे समीकरण १९४३ पासून सांगतच होते.

१९५० च्या अखेरीस भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड पत्नी ल्युसिल यांच्यासह व्याख्यानांसाठी येथे आले. १३ डिसेंबर १९५० रोजी त्यांना घेऊन निघालेले एअर इंडियाचे डाकोटा विमान निलगिरीच्या डोंगरावर आदळले. विमानातील कोणीही वाचले नाही. वाल्ड अवघे ४८ वर्षांचे होते. दोन लहान मुले मागे राहिली. त्यांची विमानविषयक टिपणे सर्वसामान्य अभ्यासकांपर्यंत पोहोचायला १९८० साल उजाडले. परतून आलेल्यांची साक्ष सारेच नोंदवतात; ज्यांना साक्ष देता आली नाही त्यांचेही म्हणणे आकड्यांतून ऐकावे लागते, हे त्यांनी शिकवले. कारखान्यातल्या एफएमईएच्या तक्त्यात कधीच न घडलेल्या बिघाडासाठी जेव्हा कोणी एक ओळ राखून ठेवतो, तेव्हा तो वाल्ड यांच्याच वाटेने चालत असतो.