ह्यू एव्हरेट व अनेक जगांची कल्पना

आमच्या शाळेंतील मुलें चित्रपटांतील ज्या कथा आवडीनें सांगतात, त्यांत नायक एका विश्वांतून दुसऱ्या विश्वांत सहज जातो, तेथें दुसऱ्या ‘आपणा’स भेटतो व झालेली चूक सुधारून परत येतो, असा प्रकार वारंवार आढळतो. या करमणुकीच्या मुळाशीं एक गंभीर शास्त्रीय विचार आहे, आणि तो मांडणाऱ्या पुरुषाचें चरित्रहि बोधप्रद आहे. म्हणून तें आम्ही येथें संक्षेपानें सादर करीत आहों.

ह्यू एव्हरेट यांचा जन्म अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें ता. ११ नोव्हेंबर १९३० रोजीं झाला. बालपणापासून कूटप्रश्नांत त्यांचें मन रमे. १९४३ सालीं, अवघ्या बारा वर्षांचे असतां, त्यांनीं आइन्स्टाइन यांस पत्र लिहिलें. त्या थोर शास्त्रज्ञानें उत्तरहि पाठविलें. आणि स्वतःच उभ्या केलेल्या अडचणींतून हट्टानें वाट काढणारा एक मुलगा आपणांस दिसतो, अशा अर्थाचा प्रेमळ विनोद त्यांत केला. पुढील आयुष्य पाहतां तो विनोद भविष्यवाणीच ठरला, असें आम्हांस वाटतें.

वॉशिंग्टन येथील कॅथॉलिक विश्वविद्यालयांत रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन एव्हरेट १९५३ सालीं प्रिन्स्टन येथें आले. तेथें प्रा. जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं क्वांटमशास्त्रांतील एक जुनें कोडें हातीं घेतलें. या शास्त्राप्रमाणें इलेक्ट्रॉनसारखा सूक्ष्म कण मोजणीपूर्वीं अमुक एका ठिकाणींच आहे, असें म्हणतां येत नाहीं. अनेक शक्यता त्यांत तरंगरूपानें एकत्र नांदतात. या तरंगाचें समीकरण श्रोडिंजर यांनीं १९२६ सालीं दिलें. परंतु मोजणी केली कीं हातीं उत्तर येतें तें एकच. मग बाकीच्या शक्यता गेल्या कोठें? पाठ्यग्रंथ सांगत कीं, मोजणीच्या क्षणीं तरंग एकदम आकुंचन पावतो. पण हें आकुंचन त्या समीकरणांत कोठेंहि नाहीं. तें वरून जोडलेलें आहे.

एव्हरेट यांनीं ही जोड काढून टाकली. मोजणारा मनुष्य व त्याचें यंत्र हींहि अखेर परमाणूंचींच बनलेलीं. तेव्हां त्यांसहि तोच नियम लागू केला पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. तसें केलें म्हणजे एकहि शक्यता नष्ट होत नाहीं. मोजणीबरोबर निरीक्षकाच्याच शाखा होतात, आणि प्रत्येक शाखेंतील निरीक्षकास आपलें एकच उत्तर दिसतें. ही फाटाफूट आम्हांस जाणवत कां नाहीं, असा आक्षेप निघाला, तेव्हां त्यांनीं कोपर्निकसचें स्मरण करून दिलें. पृथ्वी फिरते हेंहि आपणांस जाणवत नाहीं. आणि तें कां जाणवत नाहीं, हें पुढें त्याच शास्त्रानें समजावून दिलें.

या मताचें स्वागत झालें नाहीं. १९५६ सालीं व्हीलर यांनीं कोपनहेगनला जाऊन नील्स बोर यांचें मन वळविण्याचा यत्न केला. तो निष्फळ झाला. प्रबंध पुष्कळ कापून १९५७ सालीं प्रसिद्ध करावा लागला. १९५९ सालीं एव्हरेट स्वतः बोर यांस भेटले, पण त्या भेटींतूनहि कांहीं निष्पन्न झालें नाहीं. तत्पूर्वींच ते विश्वविद्यालय सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्यांत गणिती म्हणून रुजू झाले होते. तेथें एका सहकाऱ्यासह त्यांनीं अणुयुद्धानंतर पसरणाऱ्या किरणोत्सारी धुळीनें किती माणसें मरतील, याचें गणित केलें. तें इतकें भयंकर होतें कीं, शांततेचें नोबेल पारितोषिक स्वीकारतांना १९६३ सालीं लायनस पॉलिंग यांनीं आपल्या व्याख्यानांत त्याचा आधार घेतला.

जें मत मेलें असें वाटलें, तें मेलें नव्हतें. १९७० सालीं ब्राइस डेविट यांनीं तें जगापुढें आणलें व १९७३ सालीं मूळचा विस्तृत प्रबंधहि छापला गेला. १९७७ सालीं टेक्सासमधील ऑस्टिन येथें एव्हरेट यांचें व्याख्यान झालें. तेथें त्यांस भेटलेल्या तरुण डेव्हिड डॉइच यांनीं १९८५ सालीं क्वांटम संगणकाचा पाया घातला. तो दिवस पाहण्यास एव्हरेट मात्र नव्हते. धूम्रपान व प्रकृतीची हेळसांड यांनीं ग्रासलेले ते ता. १९ जुलै १९८२ रोजीं, ५१ व्या वर्षीं, हृदयविकारानें वारले. त्यांच्या मताविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि एकवाक्यता नाहीं.

आतां मुलांच्या आवडीचा प्रश्न: दुसऱ्या जगांत जातां येईल काय? तळ्यांत दोन खडे टाकले असतां लाटांचीं वर्तुळें एकमेकांतून आरपार जातात, पण कोणतेंहि वर्तुळ दुसऱ्याची वाट मोडीत नाहीं. श्रोडिंजरच्या समीकरणांतील शाखाहि तशाच. सूक्ष्म कणांच्या शक्यता पुन्हा एकत्र आणून त्यांचा परस्परांवरील परिणाम प्रयोगशाळेंत पाहतां येतो. पण त्या एकदां हवेंत, प्रकाशांत व मोठ्या वस्तूंत पसरल्या कीं पुन्हा जुळविणें व्यवहारतः अशक्य होतें. म्हणजे ज्या गणितानें अनेक जगांचें दार दाखविलें, त्याच गणितानें तें बंदहि केलें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत नापास झालेल्या मुलास वाटतें कीं, आपण उत्तीर्ण झालों असें एखादें जग असावें व तेथें आपणांस जातां यावें. एव्हरेट यांचें गणित खरें असल्यास तसें जग कदाचित् असेलहि. परंतु तेथला निकाल येथें आणतां येणार नाहीं. पुढच्या परीक्षेची तयारी याच जगांत केली पाहिजे. आणि पालकांसहि आमची एक विनंति आहे. आपल्या पाल्यानें विचित्र प्रश्न विचारला तर तो हंसण्यावारी नेऊं नये. बारा वर्षांच्या एका मुलाच्या पत्रास आइन्स्टाइन यांनीं उत्तर दिलें होतें, हें ध्यानीं असूं द्यावें.